खुर्द्याची मोजदाद

पानिपतचा वृत्तान्त दक्षिणेत पोचविणारे ते सांकेतिक पत्र मराठी वाचकास लहानपणापासून ठाऊक असते. मोती किती गळाले हे त्यात सांगितले आहे, मोहरा किती हरपल्या हेही सांगितले आहे. रुपये आणि खुर्दा किती गेला याची मात्र गणती नाही. १७६१ सालच्या त्या सावकारी भाषेत इतिहासलेखनाची एक फार जुनी रीत नकळत व्यक्त झाली आहे. मोत्यांची आणि मोहरांची नावे मागे राहतात. खुर्द्याची राहत नाहीत. राजे, सेनापती, मुत्सद्दी यांच्यावर ग्रंथ रचले जातात आणि त्यांच्याबरोबर चालणारे पखालजी, दुभाषे, हुजरे, गुलाम हे एखाद्या तळटीपेत क्षणभर दिसून पुन्हा अंधारात जातात.

अलीकडे या खुर्द्याची मोजदाद करण्यास एक अनपेक्षित हात पुढे आला आहे. तो विद्यापीठाचा नव्हे की दफ्तरखान्याचा नव्हे. तो खेळ तयार करणाऱ्यांचा आहे. संगणकावरील खेळ, आणि त्यांतही डोळ्यांस हेडसेट बांधून खेळावयाचे ‘आभासी वास्तवा’चे खेळ, आता गतकाळातील सबंध शहर उभे करतात आणि ग्रंथांत ज्यांना जेमतेम ओळभर जागा मिळाली अशा माणसांना त्या शहरातून चालवितात. नोकरीनिमित्त घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मुलानातवंडांना इतिहासाची पहिली गोडी पुष्कळदा याच वाटेने लागते. वाड्यातल्या आजोबांच्या गोष्टी त्यांच्या वाट्यास आलेल्या नसतात आणि शाळेतील इतिहास ज्या त्या प्रांताचा असतो. तेव्हा या नव्या वाटेने येणारा इतिहास कोणत्या जातीचा आहे आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही.

या यंत्रामागील तत्त्व फारसे नवे नाही. दोन डोळ्यांना किंचित निरनिराळी चित्रे दाखविली की मन त्यांतून खोली निर्माण करते, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली दाखवून दिले होते. १९६८ साली आयव्हन सदरलंड या अमेरिकन संशोधकाने डोक्यावर बसणारे उपकरण संगणकास जोडले आणि मान वळविली की चित्रही वळू लागले. आजच्या हेडसेटमध्ये हेच काम सेकंदास नव्वदच्या आसपास वेळा नवे चित्र काढून केले जाते. त्यामुळे आपण चित्रापुढे उभे नसून चित्राच्या आत उभे आहोत, असा भास पाहणाऱ्यास होतो.

या भासाची एक किंमत मात्र द्यावी लागते. इतिहासकाराला जागा कोरी सोडण्याची मुभा असते. जुना कागद कसरीने खाल्लेला असेल तर संपादक तेथे टिंबे देतो आणि पुढे जातो. कादंबरीकारालाही न सांगण्याची मोकळीक असते. नायक दालनात शिरला एवढे लिहिले की दालनाच्या मागच्या भिंतीचा रंग सांगावा लागत नाही. आभासी जगात ही सोय नाही. पाहणारा कोणत्या क्षणी मागे वळेल याचा नेम नसतो, आणि तो वळेल तेव्हा मागे काहीतरी असावेच लागते. भिंत, भिंतीवरचा पडदा, कोपऱ्यातले मडके, माणसाचा आवाज, त्याच्या चालण्याची ढब, हे सारे कोणीतरी आधी ठरवून ठेवावे लागते. थोडक्यात, ज्यात टिंबे देता येत नाहीत असा हा इतिहास आहे.

ज्याच्याविषयी पुष्कळ लिहिलेले आहे त्याच्या बाबतीत ही अडचण लहान. परंतु ज्याच्याविषयी चार ओळीच उरल्या आहेत त्याच्या बाबतीत पानेच्या पाने टिंबांची असतात. म्हणजे ज्या उपेक्षितांना जिवंत केल्याचे श्रेय हे खेळ घेतात, नेमक्या त्यांच्याच चरित्रात खेळाची भर सर्वांत अधिक असते. ही गोष्ट एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणे बरे.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड’ नावाच्या खेळमालेतील ‘शॅडोज’ हा खेळ २० मार्च २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. याच मालेतील ‘नेक्सस’ हा खेळ २०२३ साली खास हेडसेटसाठी निघाला होता. ‘शॅडोज’ हा पडद्यावर खेळावयाचा आहे. परंतु चहूकडे हिंडता येईल असे अखंड जग उभे करावयाचे, हा नियम त्यालाही तितकाच लागू आहे. या खेळाला दोन नायक आहेत. त्यांपैकी नाओए ही इगा प्रांतातील मुलगी कल्पित आहे. दुसरा यासुके हा सोळाव्या शतकात जपानात जाऊन पोचलेला आफ्रिकी पुरुष होय. आणि तो कल्पित नाही.

यासुकेची हकीकत आपल्या किनाऱ्याजवळून जाते. जेझुइट पंथाचा पूर्वेकडील निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन धर्मगुरू १५७४ साली लिस्बनहून निघाला आणि मोझांबिकवरून त्याच साली गोव्यास पोचला. काही वर्षे हिंदुस्थानातील कारभार पाहून तो मलाक्का व मकाव या मार्गाने १५७९ च्या जुलैत जपानात उतरला. त्याच्या परिवारात हा आफ्रिकी सेवक होता. तो मूळचा मोझांबिकचा, असे फ्रांस्वा सोलिये या फ्रेंच जेझुइटाने १६२७ साली लिहिले. म्हणजे प्रसंगानंतर पंचेचाळीस वर्षांनी. तो वालिन्यानोबरोबर आफ्रिकेतूनच निघाला की गोव्यात त्याच्या पदरी आला, याचा कोठेच उल्लेख नाही. त्या काळच्या गोव्यात पोर्तुगिजांच्या घरी आफ्रिकी गुलाम असणे ही नित्याची गोष्ट होती. कोकणीत त्यांस ‘खाप्री’ म्हणत, आणि कारवारकडे खाप्री देवाची पूजा आजही होते. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांची स्मृती लोकांनी अशी निराळ्या रीतीने जपली.

यासुकेचे नाव मात्र लिहिले गेले, आणि ते तीन टिपणकारांमुळे. आपला वाचकवर्ग बहुतांशी सरकारी चाकरीतला असल्यामुळे या तिघांचा परिचय त्यास विशेष गोड वाटेल.

पहिला लुईश फ्रोइश. हा लिस्बनचा, तरुणपणी तेथील राजाच्या चिटणिशीत उमेदवारी केलेला. १५४८ साली तो गोव्यास आला, तेथेच शिकला, तेथेच १५६१ साली त्यास धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि पुढे जपानात जाऊन १५९७ साली मरेपर्यंत तो लिहीतच राहिला. त्याच्या १५८१ च्या एप्रिलमधील पत्रात क्योतो शहरातील प्रसंग आला आहे. या काळ्या माणसाला पाहण्यासाठी धर्मगुरूंच्या घरापुढे एवढी झुंबड उडाली की दारे मोडली आणि दगडफेकीत माणसे जखमी झाली. याचे पैसे घेऊन प्रदर्शन मांडले असते तर थोडक्या दिवसांत आठ-दहा हजार क्रुझादो सहज मिळाले असते, असाही एक हिशेब तो जाता जाता करून ठेवतो. गलबला ऐकून त्या काळी जपानात सर्वांत प्रबळ असलेल्या ओदा नोबुनागाने त्या माणसाला बोलावून घेतले, आणि हा रंग खरा आहे की लावलेला आहे याची खात्री करण्यासाठी त्यास कमरेपर्यंत उघडे व्हावयास लावले. फ्रोइशचा सहकारी लोरेन्सो मेशिया याने त्याच साली लिहिले की त्याला थोडीफार जपानी येते, नोबुनागाला त्याच्याशी बोलण्याचा कंटाळा येत नाही, आणि त्याला सरदारकी मिळणार अशी गावात वदंता आहे.

दुसरा ओता ग्यूइची. हा नोबुनागाच्या पदरी धनुर्धारी म्हणून लागला आणि पुढे कारभारी कामे करू लागला. धन्याच्या मृत्यूनंतर त्याने आपल्या टिपणांवरून ‘शिंचो कोकी’ हे नोबुनागाचे चरित्र रचले. भेटीची तिथी, वय सव्वीस-सत्तावीसच्या सुमाराचे, प्रकृती निकोप, बळ दहा माणसांहून अधिक, एवढा तपशील त्यात आहे. मायेदा घराण्याच्या संग्रहातील एका हस्तलिखितात आणखी थोडी भर आहे: यासुकेला वेतन मिळाले, राहण्यास घर आणि कमरेची आखूड तलवार मिळाली, आणि प्रसंगी धन्याची शस्त्रे वाहण्याचे काम त्याच्याकडे असे. ही भर अन्य प्रतींत नाही.

तिसरा मात्सुदाइरा इएतादा. हा तोकुगावा पक्षाचा एक मध्यम प्रतीचा सरदार. किल्ल्यांची बांधकामे आणि डागडुजी हे त्याचे नित्याचे काम होते. १५७७ पासून १५९४ पर्यंतची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. ताकेदा घराण्याचा नाश करून नोबुनागा परत चालला असता ११ मे १५८२ रोजी इएतादाने त्याच्या परिवारात हा माणूस पाहिला आणि चार शब्दांत नोंद केली: शाईसारखा वर्ण, उंची सहा शाकूंच्या वर, म्हणजे आपल्या मापाने सहा फुटांच्या आसपास, नाव यासुके. बाकी कागदांत तो बहुधा ‘काळा माणूस’ म्हणूनच येतो. यासुके हे नाव त्या प्रसंगीच्या या नोंदीने ठामपणे राखले.

त्यानंतर सहा आठवडेही लोटले नाहीत तोच, २१ जून १५८२ रोजी पहाटे, आकेची मित्सुहिदे या नोबुनागाच्याच सरदाराने क्योतोतील होन्नो-जी मठाला वेढा घातला आणि तेथे नोबुनागाचा अंत झाला. यासुके तेथून निसटून नोबुनागाच्या मुलाच्या तळावर गेला आणि बराच वेळ लढला. अखेर आकेचीच्या एका माणसाने तलवार मागितली व त्याने ती दिली. याचे काय करावे, असे विचारता आकेचीने उत्तर दिले की हा जनावर आहे, याला काही समजत नाही, हा जपानीही नाही. तेव्हा मारू नका, पाद्र्यांच्या स्वाधीन करा. हीही हकीकत फ्रोइशच्याच लेखणीतून आली आहे. वालिन्यानो त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जपान सोडून गेलेला होता. येथून पुढे यासुकेविषयी खात्रीने सांगता येईल असा एकही शब्द नाही.

सारा पुरावा हा असा आहे. छापील दोन-तीन पानांत तो मावेल. त्यात यासुकेच्या तोंडचे एकही वाक्य नाही. आईबापांनी ठेवलेले नाव नाही. ज्याने त्याला आणले त्याने तो नोबुनागाला दिला, तेव्हा त्याला काय वाटले हे नाही; तसा प्रश्न कोणास सुचल्याचेही दिसत नाही. पंधरा महिन्यांच्या उजेडाच्या दोन्ही बाजूंस टिंबेच टिंबे आहेत.

मग तो सामुराई होता की नव्हता? खेळ जाहीर झाल्यापासून या प्रश्नावर जेवढी शाई आणि त्याहून अधिक विद्युत्शक्ती खर्ची पडली, तेवढी यासुकेच्या हयातीत त्याच्यावर खासच पडली नव्हती. वास्तविक हा प्रश्न ज्या स्वरूपात विचारला जातो ते स्वरूपच सदोष आहे. योद्धे आणि शेतकरी यांच्यातील भिंत जपानात पक्की झाली ती तोयोतोमी हिदेयोशीच्या अमलात: १५८८ साली त्याने शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली आणि १५९१ साली वर्गांतर करण्यास बंदी घातली. नोबुनागाच्या काळी ही सीमा बरीच सैल होती, आणि खुद्द हिदेयोशी सामान्य घराण्यातूनच वर आला होता. धन्याकडून वेतन, घर आणि तलवार मिळालेल्या व शस्त्र वाहणाऱ्या माणसाला सामुराई म्हणण्यास आधार आहे. तो रणांगणी गाजलेला सेनानी होता, असे म्हणण्यास मात्र नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि भांडणाऱ्या दोन्ही पक्षांस यांपैकी एकेकच ऐकावयाचे आहे.

खेळातील यासुके चिलखत चढवितो, वाड्यांची दारे फोडतो, दहा-दहा जणांशी एकटा झुंजतो. त्याला आवाज आहे, भूतकाळ आहे, मनात दुःख आहे, मित्र आणि शत्रू आहेत. हे सारे कंपनीच्या लेखकांनी दिले. देणे त्यांना भागच होते, कारण मुका आणि भूतकाळ नसलेला नायक कोणी खेळणार नाही. जुलै २०२४ मध्ये जपानी जनतेस उद्देशून काढलेल्या निवेदनात, यासुकेला सामुराई म्हणून दाखविणे हा वादाचा विषय आहे, हे कंपनीने मान्य केले. खेळ प्रसिद्ध होण्याच्या आदल्या दिवशी जपानी संसदेच्या एका समितीतही त्याविषयी प्रश्न निघाला. त्याचा रोख मात्र खेळात देवस्थानांची मोडतोड करता येते या गोष्टीवर होता. एकीकडे, दडपलेला इतिहास उजेडात आला म्हणून जल्लोष. दुसरीकडे, आमच्या इतिहासात परका घुसविला म्हणून संताप. या गदारोळात इएतादाच्या चार शब्दांकडे परत जाऊन पाहण्यास फार थोड्यांना सवड झाली.

येथे मराठी वाचकास सहजच दुसरा एक आफ्रिकी पुरुष आठवेल. यासुके जपानात पोचला त्या सुमारास मलिक अंबर दख्खनेत आलेला होता. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा मोखा बंदरात विकला गेला, असे १६१७ साली त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. हाती हाती विकला जात तो अहमदनगरास आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरी राहिला. हा चंगीजखान स्वतः हबशीच होता. पुढे बुडती निजामशाही अंबराने पाव शतक तगवून धरली. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसविले, तेच पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने भूमिगत नहरीने पाणी खेळविले. जमिनीची प्रत पाहून त्याने बसविलेला मलिकंबरी धारा पुढील मराठी कागदपत्रांतही आधारास घेतलेला आढळतो. १६२४ साली भातवडीस मोगल आणि आदिलशाही फौजांचा त्याने तलावाचे पाणी सोडून पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. १६२६ साली तो वारला. खुल्दाबादेस त्याची कबर आहे.

एकाच महासागराच्या काठी, एकाच व्यापारात सापडलेली ही दोन माणसे. एकाने शहर, पाणी, धारा आणि युद्धनीती मागे ठेवली. दुसऱ्याविषयी दोन पाने उरली. तरी यासुकेवर निघाला तसा जगभर गाजावाजा झालेला खेळ अंबराच्या वाट्यास आलेला नाही. सामुराई हा शब्द जगभर आधीच खपलेला आहे, हे त्याचे एक कारण खरेच. परंतु दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. ज्याच्याविषयी कागद बोलतात त्याला खेळाच्या सोयीने वाकविणे अवघड जाते. ज्याच्याविषयी कागद गप्प आहेत तो हवा तसा घडविता येतो. अंबराला नायक करावयाचे तर सारा, मोजणी, कालवे, दरबारी कारस्थाने आणि आदल्या दिवशीच्या शत्रूशी दुसऱ्या दिवशी करावा लागणारा तह, हे सर्व येणार. यासुकेच्या बाबतीत असा अडथळा नाही. त्याची उपेक्षाच त्याला सोयीचा नायक करते. हे ओळखले म्हणजे ‘उपेक्षितांना न्याय’ या घोषणेकडे जरा जपून पाहावेसे वाटते.

रिकाम्या जागेत कोण काय भरतो, याचा एक जुना नमुना अंबराच्याच संदर्भात आहे. बादशहा जहांगीर यास अंबराला जिंकता आले नाही. तेव्हा १६१६ च्या सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मस्तकास बाण मारीत आहे. ते चित्र आज डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहात आहे. रंग, रेषा, चेहऱ्यातील साम्य या सर्व दृष्टींनी ते अप्रतिम आहे. फक्त तो प्रसंग कधी घडला नाही. आभासी वास्तव म्हणतात ते याहून फार निराळे नाही. हाताशी कसबी चित्रकार असले की न घडलेला विजयही डोळ्यांपुढे उभा करता येतो, आणि तो कोणाच्या इच्छेने उभा केला जात आहे हे पाहणाऱ्याने विचारावे लागते. पूर्वी ती इच्छा बादशहाची असे. आता ती ग्राहकाची असते.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा वाटू नये, कारण आपण तो बखरींच्या निमित्ताने शतकापूर्वी सोडवावयास घेतला आहे. शिवछत्रपतींच्या बखरींतील आद्य बखर कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस दूर तामीळ देशात, जिंजीच्या मुक्कामी, रचली. नंतरच्या बखरकारांनी ऐकीव गोष्टींना संवादांची जोड दिली, आकडे फुगविले, प्रसंगांत नाट्य भरले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि अस्सल पत्राच्या एका चिटोऱ्यास बखरीहून अधिक मोल आहे, हे निक्षून सांगितले. तरीही बखरी आपण फेकून दिल्या नाहीत, आणि ते योग्यच झाले. बखर आपण बखर म्हणून वाचतो: तिच्या भाषेचे तेज घेतो, आणि आकड्यांपाशी आलो की थबकतो. हेडसेटमधील इतिहास ही आपल्या काळाची बखर होय. अडचण एवढीच की बखरीच्या पहिल्याच ओळीत तिची जात कळते. या नव्या बखरीला डोळ्यांनी पाहिल्याचे बळ आहे, आणि कानाने ऐकलेले विसरणारे मनही डोळ्यांनी पाहिलेले सहसा विसरत नाही.

यावर उपाय नाही असे मात्र नाही, आणि तो काही ठिकाणी योजिलाही गेला आहे. युबिसॉफ्टनेच २०१८ साली आपल्या प्राचीन ईजिप्तवरील खेळास लढाईविरहित अशा सहलीची जोड दिली आणि तीत काही ठिकाणी आपण इतिहास कोठे सोडला हे सांगितले. उदाहरणार्थ, शाळेच्या दृश्यात मुलींना बसविले आहे, पण तत्कालीन शाळांत त्या नसत, हे तेथे नमूद केले आहे. अ‍ॅम्स्टरडॅम येथील ॲन फ्रँक हिच्या घराचे उदाहरण याहूनही बोलके आहे. जर्मनांनी तेथील सामान नेल्यानंतर त्या लपण्याच्या खोल्या रिकाम्याच ठेवाव्यात, अशी तिच्या वडिलांची, ऑटो फ्रँक यांची इच्छा होती, आणि ती पाळली गेली आहे. २०१८ साली हेडसेटसाठी तयार केलेल्या दर्शनात त्या खोल्या सामानाने भरलेल्या दिसतात. कल्पनेने भरलेले घर हेडसेटमध्ये आहे आणि रिकामे घर जागेवर आहे. पाहणाऱ्यास दोन्ही ताडून पाहता येतात. २०२२ साली फाळणीवर निघालेला ‘चाइल्ड ऑफ एम्पायर’ हा आभासी चित्रपट तर सीमा ओलांडलेल्या वृद्धांच्या प्रत्यक्ष आठवणींवर रचलेला आहे. तेथे टिंबे भरण्यास साक्षीदारच हजर होते. अशी माणसे आता दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून ते काम तातडीचेही आहे.

या सर्वांत समान सूत्र एकच: काय सापडले आणि काय भरले, यांतील रेघ पाहणाऱ्यास दिसली पाहिजे. यासुकेच्या बाबतीत ती रेघ विशेष जपावयास हवी. क्योतोच्या गर्दीने त्याला तमाशा म्हणून पाहिले, फ्रोइशने त्याच्या प्रदर्शनाचे उत्पन्न मनात मोजले, नोबुनागाने तो रंग खरा आहे का ते पाहिले, आकेचीने त्याला जनावर म्हटले. प्रत्येकाने त्याच्यात स्वतःला हवे ते पाहिले. चारशे वर्षांनंतर आपण त्याला पराक्रमी योद्धा म्हणून पाहतो. हे पाहणे अधिक आदराचे खरे, पण तेही आपल्यालाच हवे ते पाहणे आहे, आणि प्रदर्शनाचे उत्पन्न या वेळी प्रत्यक्ष जमा झाले आहे. माणसाला त्याचा इतिहास परत देणे आणि त्याला आपला इतिहास चढविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत त्याचे मौनही जपावे लागते.

आणि हे मौन जेथे थोडेसे भंगले आहे, तेथे ते कोणी भंगविले? कवींनी नाही. एक चिटणिशीत तयार झालेला पत्रलेखक, एक कारभारी आणि एक बांधकामावरचा सरदार, या तिघांनी. त्यांपैकी कोणीही उपेक्षितांना न्याय देण्यास बसले नव्हते. दिवसभरात जे दिसले ते तिथीवार लिहून ठेवावे, एवढीच त्यांची शिस्त होती. जिल्ह्याच्या दफ्तरात, छावणीच्या नोंदवहीत, जनगणनेच्या तक्त्यात आपल्या हातून रोज असेच काही लिहिले जाते आणि त्यात खुर्द्याची नावे असतात. त्यांतील कोणते नाव चारशे वर्षांनी कोणास हवे होईल, हे आज सांगता येत नाही. ते नीट लिहिले जावे, एवढेच आपल्या हाती आहे.

इएतादाच्या त्या दिवसाच्या नोंदीत आणखी एक गोष्ट आहे. त्या दिवशी पाऊस पडला, असे त्याने लिहून ठेवले आहे. यासुकेचे पाऊल त्या ओल्या रस्त्यावर कसे पडत होते, तो काय बोलत होता, हे ज्याने त्याने आपल्या कल्पनेने भरावे. पाऊस मात्र कोणास कल्पावा लागणार नाही.